केरोबाचं बीळ आणि जास्तीचा केरोबा

एका जंगलात, म्हणजे ज्या जंगलात अजून एकही बिल्डर पोहोचला नव्हता अशा जंगलात, केरोबा नावाचा एक साळिंदर राहत होता.

बाळांनो, मांडी घालून बसा. शेवटच्या रांगेतल्यांनी चिवड्याचा पुडा खाली ठेवा. ही गोष्ट घराची आहे, आणि घराची गोष्ट ऐकताना तोंडात घास असला की तो हमखास अडकतो.

तर केरोबाने स्वतःच्या नखांनी एक बीळ खणलं होतं. करवंदीच्या जाळीखाली, उतारावर, पावसाचं पाणी शिरणार नाही अशा बेताने. पुढे एक दार, मागे एक दार. मध्ये एक झोकदार वळण. वळणावर कंदमुळं ठेवायची खोली आणि आत झोपायला गवताची गादी. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं शहाणी माणसं म्हणतात. केरोबाने दोन्ही करून पाहिलं होतं, आणि त्याच क्रमाने. कारण सासऱ्याने आधीच बजावलं होतं, "पाहुणे, आधी बीळ दाखवा, मग मुलगी दाखवतो."

त्या बिळाचा केरोबाला फार अभिमान. संध्याकाळी दारात बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, "या की आत! वळण तर बघून जा." सशांनी ते वळण इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यांनी शेवटी जायची वाटच बदलली.

आता या जंगलातली एक रीत सांगतो.

पूर्वी तिथे सगळे एकमेकांना वासावरून ओळखत. वास आला, ओळख पटली, काम झालं. मग जंगलात सुधारणा झाली. सुधारणा म्हणजे काय, बाळांनो? जे फुकट आणि सोपं असतं ते बंद होतं, त्याला सुधारणा म्हणतात. वास काही फायलीला टाचता येईना. म्हणून नियम निघाला की प्रत्येकाने ओळख म्हणून आपल्या अंगाचं काहीतरी द्यायचं. पाखराने पीस, अस्वलाने केस, सापाने कात आणि साळिंदराने काटा. कासवाला मात्र काहीच द्यावं लागत नसे, कारण नियम कासवाने केला होता.

झालं. केरोबा तळ्यावर पाणी प्यायला गेला की काठावरचा बेडूक म्हणायचा, "काटा?"

आंब्याखाली पडलेला आंबा उचलायला गेला की माकड म्हणायचं, "काटा?"

सशाच्या घरी बारशाला गेला, तर सशाने दारातच अडवलं. "ओळखीचा काटा ठेवा, मग आत या."

"अहो, मी तुमचा शेजारी! कालच माझ्याकडून सुरण नेलात."

"ते खरं हो," ससा कान खाजवत म्हणाला, "सुरण छानच शिजला. पण पद्धत म्हणजे पद्धत."

या काट्यांचं करतात काय, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "वरून आलंय." वर म्हणजे कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वर झाडांवर माकडं राहत होती, आणि ती म्हणायची, "आम्हालाही वरूनच आलंय."

केरोबाला मात्र याचं काही वाटत नसे. उलट तो मोठ्या मनाने पाठ पुढे करायचा. "घ्या! एकाच्या जागी दोन घ्या. आपल्याला काय तोटा? आज पडला की उद्या उगवतो."

खरं तर इथे एखाद्या शहाण्या म्हाताऱ्या घुबडाने येऊन केरोबाला सावध करायला हवं होतं. पण घुबडही आपली पिसं वाटण्यात गुंतलं होतं.

हळूहळू काट्यांचे ढीग साचले. बेडकाला उडी मारायला जागा उरली नाही. दोनदा तो उडाला आणि दोनदा नको तिथे टोचून घेतलं. तेवढ्यात तिथे रंगाभाऊ उदमांजर आला.

रंगाभाऊ जंगलातला मोठा कामाचा प्राणी. बीळ नोंदणी कचेरीबाहेरच्या जांभळाखाली त्याची बैठक असायची. अंगाला मंद सुवास. बोलणं लोण्यासारखं. कुणी कचेरीत निघाला की हा म्हणायचा, "उन्हातानाचं तुम्ही कशाला आत जाता? मी आहे ना." तो बेडकाला म्हणाला, "काका, हे जुने काटे मी टाकून येतो. तेवढीच आपली समाजसेवा."

"देव तुझं भलं करो," बेडूक म्हणाला. देवाने नेमकं तेवढंच ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल, गोष्टीत लबाड तो कोल्हा असतो, हे उदमांजर कुठून आलं? बाळांनो, कोल्ह्याचे दिवस गेले. त्याची इतकी बदनामी झाली आहे की त्याला कुणी दारात उभं करत नाही, मग तो बिचारा फसवणार कुणाला? फसवायचं असेल तर आधी चांगलं नाव कमवावं लागतं.

त्या वर्षी सगुणेला, म्हणजे केरोबाच्या बायकोला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. माहेर नदीपलीकडे. केरोबा म्हणाला, "मी सोडायला येतो." सगुणा मनातल्या मनात हसली. सासूच्या हातचे रताळ्याचे काप खाल्ले की जावई लवकर परतत नाही, हे तिला माहीत होतं.

निघताना केरोबाने बिळाची दोन्ही दारं पाल्याने झाकली आणि शेजारच्या टिटवीला सांगितलं, "ताई, घर बंद आहे. बाळंतपण उरकेपर्यंत आम्ही काही परत येत नाही. जरा लक्ष असू द्या."

टिटवीने ही जबाबदारी मनावर घेतली. ती जंगलभर ओरडत सुटली, "केरोबाचं बीळ रिकामं आहे! इतक्यात कुणी येणार नाही! सगळ्यांनी लक्ष ठेवा हो!"

रंगाभाऊने लक्ष ठेवलं.

बाळंतपण नीट झालं. दोन पिल्लं झाली, गोंडस, आणि अंगावरचे काटे अजून शेवयांसारखे मऊ. रताळी संपली आणि मंडळी परत निघाली. केरोबा पुढे, मध्ये पिल्लं, मागे सगुणा. वाटेत केरोबा पिल्लांना सांगत होता, "आपल्या घराला असं वळण आहे, असं वळण आहे, की बघत राहाल."

करवंदीच्या जाळीपाशी ते पोहोचले आणि बघतच राहिले.

पुढच्या दारात एक बूड होतं. काळंभोर, केसाळ, दार गच्च भरून टाकणारं बूड.

मराठीत 'आयत्या बिळावर नागोबा' अशी म्हण आहे. पण इथे नागोबाचा काही संबंध नव्हता हे आधीच सांगून टाकतो. तो बिचारा वारुळात भाड्याने राहत होता आणि मुंग्यांच्या जाचाला कंटाळला होता.

केरोबाने बुडाला विचारलं, "कोण आहे?"

आतून घुमलेला आवाज आला, "मालक."

"कशाचा मालक?"

"या बिळाचा."

"अहो, मालक मी आहे! मी केरोबा साळिंदर!"

"अरे वा! केरोबा? या, या!" बूड आनंदाने हललं, आणि वरची थोडी माती पडली. "तुम्हीच तर मला हे विकलंत. बरं झालं आलात. आत गेल्यावर बीळ मोठं होतं असं म्हणाला होतात, ते साधारण कधी होतं?"

केरोबाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बुडाशी फार बोलण्यात अर्थ नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो मागच्या दाराने आत शिरला आणि वळणावर पोहोचला. तिथे बुडाचं दुसरं टोक होतं. एका वयस्कर अस्वलाचा भाबडा चेहरा, आणि तोंडात केरोबाचेच कंद.

त्या अस्वलाचं नाव नारबा. उभा जन्म मधाची पोळी शोधत झाडं चढण्यात गेला होता. आता गुडघे दुखायला लागले होते, म्हणून म्हातारपणी डोक्यावर छप्पर असावं अशी त्याची इच्छा. साठवलेला सगळा मध देऊन त्याने हे बीळ घेतलं होतं.

"घेण्याआधी पाहिलं नाहीत?" केरोबाने विचारलं.

"पाहिलं तर! रंगाभाऊंनी नमुना बीळ दाखवलं. काय ऐसपैस! फक्त आत वाघाचे केस पडले होते आणि रंगाभाऊ सारखे 'लवकर आटपा, लवकर आटपा' म्हणत होते. तुमचं बीळ अगदी तसंच आहे म्हणाले. प्रवेशद्वार तेवढं सुबक."

"आणि मी? मी कसा होतो?"

नारबाने आठवून पाहिलं. "अंगभर काटे. सुवास छान येत होता. बोलणं लोण्यासारखं. मी मनात म्हटलं, साळिंदराच्या मानाने फारच गोड जनावर आहे."

"रंगाभाऊ तेव्हा शेजारी होते का?"

"नाही, ते नेमके तेवढ्यापुरते बाहेर गेले होते. तुम्ही आलात की ते नसायचे आणि ते आले की तुम्ही. तुमची दोघांची भेट व्हावी असं मला फार वाटायचं."

आपले वाटलेले काटे कुठे गेले, ते केरोबाला आता कळलं. तो म्हणाला, "नारबाअण्णा, तुम्हाला फसवलंय. बाहेर या."

"येणार नाही. रंगाभाऊंनी बजावलंय, ताबा महत्त्वाचा. ताबा सोडला की घर गेलं."

"बरं, नका येऊ. पण यायचं म्हटलं तर येता येतंय का?"

नारबाने अंग हलवून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तो वेगळा प्रश्न आहे."

बाहेर येऊन केरोबाने सगुणेला सगळं सांगितलं. तिने पिल्लांना जाळीखाली दडवलं आणि स्वतः काटे फुलवून पुढे बसली. पलीकडच्या टेकाडावर एक तरस येऊन उभा होता. तो काही बोलत नव्हता. नुसता शेवयांकडे बघत होता.

"अहो, कचेरीत जा," सगुणा म्हणाली. "पोरं उघड्यावर आहेत. आजच्या आज आपलं घर मागून घ्या."

बीळ नोंदणी कचेरीचे प्रमुख भाऊसाहेब कासव. त्यांचं घर त्यांच्या पाठीवर. जन्मल्यापासून ते घर ना कुठे गेलं, ना कुणी नेलं. त्यामुळे कुणाचं घर चोरीला जाऊ शकतं, हेच त्यांना मुळात पटत नसे. त्यांच्या मते घर हरवणारे निष्काळजी असतात.

"भाऊसाहेब, माझं बीळ दुसऱ्यानेच विकलं!"

"दुसऱ्याने कसं विकेल? नियमात बसत नाही." भाऊसाहेबांनी मान सावकाश बाहेर काढली. "केरोबा साळिंदर यांनी स्वतः इथे येऊन विकलं. काटे अंगावर होते. मी स्वतः पाहिले."

"काटे पाहिलेत. तोंड पाहिलंत का?"

"तोंड पाहायची पद्धत नाही. तोंडं बदलतात."

"अहो, पण मला विचारायला नको?"

"हरकत असल्यास कळवा, अशी जाहीर सूचना लावली होती ना. वारुळावर."

"वारुळावर? तिथे वाळवी आहे!"

"हो, तिनेच पहिल्यांदा पाहिली," भाऊसाहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत सूचना उरली नाही. आणि हरकतही आली नाही."

केरोबाने कपाळावर हात मारून घेतला. "भाऊसाहेब, खरा केरोबा मी आहे हो!"

भाऊसाहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. फेरी पुरी होईपर्यंत ऊन कलायला आलं. प्रवासात आणि काळजीत केरोबाचे बरेच काटे गळले होते, आणि वाटून टाकलेले अजून उगवायचे होते.

"आमच्याकडे आलेल्या केरोबाला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त काटे होते," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे कचेरीच्या दृष्टीने तो जास्त केरोबा. तुम्ही कमी केरोबा. आता कमी केरोबाने जास्त केरोबाविरुद्ध तक्रार करायची असेल तर करता येते. मूठभर काटे जमा करा."

केरोबाने मूठभर काटे उपटून दिले. तक्रार नोंदवली गेली आणि चौकशीसाठी हवालदार मुंगसाकडे पाठवली गेली.

मुंगूस फार तडफदार होता. त्याने मिशीवरून पंजा फिरवत विचारलं, "गुन्हा कशाने झाला?"

"माझ्या काट्यांनी."

"म्हणजे तुमचे काटे हे गुन्ह्याचं हत्यार. उरलेले जमा करा."

केरोबा नको नको म्हणत होता. पण कायद्याचे हात लांब असतात, आणि मुंगसाची नखंही. एक तेवढा काटा शेपटीखाली राहिला, तो मुंगसाला दिसला नाही.

तसाच उघड्या अंगाने केरोबा पुन्हा कचेरीत गेला. भाऊसाहेबांनी वर न बघता सांगितलं, "घुशींची खिडकी मागच्या बाजूला आहे."

केरोबाला इतका संताप आला, इतका संताप आला, की त्याने अंगावरचे काटे फुलवले. म्हणजे फुलवायला गेला. थंडी तेवढी वाजली.

परतीच्या वाटेवर त्याला गर्दी दिसली. वडाखाली मोठा मेळावा भरला होता. 'बिळाची फसवणूक : ओळखा आणि टाळा.' मार्गदर्शक, श्री. रंगाभाऊ उदमांजर. केरोबा धावतच आत निघाला. दारावरच्या माकडाने अडवलं.

"काटा?"

शेपटीखालचा शेवटचा काटा देऊन केरोबा आत शिरला.

रंगाभाऊ ओंडक्यावर उभा राहून कळकळीने बोलत होता. "बंधूंनो आणि भगिनींनो, घर बंद करून जाताना गावभर सांगू नका. अंगाचा काटा, केस, पीस ज्याच्या-त्याच्या हाती देऊ नका. बीळ घेताना नमुना नव्हे, बीळ पाहा. विकणाऱ्याचे काटे नव्हे, तोंड पाहा. आणि जमेल तेव्हा कचेरीत जाऊन, आपलं घर आपल्याच नावावर आहे ना, एवढं पाहून या!"

बाळांनो, त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पाठ करून ठेवा. चोराइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

टाळ्या पडल्या. रंगाभाऊ नमस्कार करायला वाकला, आणि केरोबाला त्याच्या पाठीच्या टोकाला, शेपटीच्या बुडाशी, डिंकात चिकटून राहिलेला एक काटा दिसला.

"हाच तो!" केरोबा किंचाळला. "तो माझा काटा आहे! मी केरोबा आहे! याने माझं बीळ विकलं!"

सगळ्या माना वळल्या. रंगाभाऊने शेपटी मोठ्या अदबीने खाली घेतली आणि केरोबाकडे मायेने पाहिलं.

"पाहिलंत, मंडळी?" तो म्हणाला. "मी हेच सांगत होतो. आता कुणीही उठतं आणि मी केरोबा आहे म्हणतं. याच्या अंगावर एक तरी काटा दिसतो का?"

"नाही!" सगळे एका सुरात म्हणाले.

"मग हा कोण?"

"तोतया!"

पहिल्या रांगेतला ससा तर सगळ्यांत मोठ्याने ओरडला. त्याच्या घरी बारशाला केरोबा पोटभर जेवला होता, पण ससा तरी काय करणार? त्याने तेव्हाही काटाच पाहिला होता.

केरोबाला रडू कोसळलं. घर गेलं याचं दुःख होतंच. पण आपण इथे उभे आहोत, बोलतो आहोत, आणि आपण नाही आहोत असं सगळं जंगल म्हणतंय, हे त्याला सोसवेना. तो रडत रडत करवंदीच्या जाळीपाशी आला. तरस आता टेकाड उतरून बराच खाली बसला होता.

सगुणेने नवऱ्याकडे पाहिलं. एकही काटा नाही, तरी तिने क्षणात ओळखलं. तिला कुणी पद्धत शिकवली नव्हती.

"बसा इथे पोरांपाशी," ती म्हणाली. "ही काठी घ्या. तरस आला तर नाकावर हाणा."

ती मागच्या दाराने बिळात शिरली, नारबासमोर गेली, पाठ फिरवली, सगळे काटे फुलवले आणि उलट्या पावली धावली. साळिंदरं अशीच लढतात. काटे नेमके नारबाच्या नाकाला भिडले.

जंगलाने तशी बोंब पूर्वी ऐकली नव्हती. नारबा बुचासारखा बाहेर उडाला आणि थेट तरसाच्या अंगावर जाऊन पडला. तरस उठला तो तीन पायांवर पळत सुटला, आणि त्या दिवशी तरी मागे वळला नाही. नारबाच्या अंगावरचे बहुतेक केस मात्र दाराच्या कडांना घासून तिथेच राहिले. अस्वल बाहेर आणि त्याचा कोट आत, असा प्रकार झाला.

नारबा हात हलवून बघत होता, पाय हलवून बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुटलो!" तो म्हणाला. "वहिनी, घर तुमचं. मला काही नको. आत्ता कचेरीत जाऊन सांगतो."

गेला. आणि गेला तसा परत आला.

"काय म्हणाले भाऊसाहेब?"

"म्हणाले, अस्वलाला केस असतात, तुम्ही रानडुक्कर दिसता. आणि रानडुकराला अस्वलाचं घर परत करता येत नाही. केस उगवले की या म्हणाले."

"आणि केस कधी उगवणार?"

"माझ्या वयात?" नारबा म्हणाला.

बीळ मोकळं झालं होतं. पण नोंद नारबाच्या नावावर. नावाचा मालक फिरकत नाही असा बोभाटा झाला, की रंगाभाऊ अंगाला केस चिकटवून पुन्हा ते विकणार, हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सगुणा दारापाशी गेली. कडांना लटकलेले केस तिने एकेक करून सोडवले. मग धावड्याच्या झाडाचा डिंक आणला.

"अहो, इकडे या," ती म्हणाली. "तुम्ही नारबा व्हा."

केरोबा दचकला. "मी? मी खोटं बोलू? अगं, उभ्या जन्मात कधी—"

"खरं बोलून बोडके झालात," सगुणा म्हणाली. "आता आणखी काय उपटून देणार आहात? गुमान उभे राहा."

दुसऱ्या दिवशी कचेरीत एक फारच लहान अस्वल हजर झालं. खिडकीमागच्या झुडपात एक फारच मोठं रानडुक्कर लपलं होतं.

भाऊसाहेबांनी मान बाहेर काढली. "नाव?"

"नारबा अस्वल. बिळाचा मालक. म्हटलं, एकदा हजेरी लावून जावी."

"जरा बारीक झालेले दिसता."

"घराच्या काळजीने."

"खातरी म्हणून एकदा गुरगुरा."

केरोबाने तोंड उघडलं. झुडपातून अशी गुरगुर उठली की भाऊसाहेब दचकून स्वतःच्या घरात गेले. केरोबाने तोंड मिटलं, तरी गुरगुर जरा वेळ चालूच राहिली.

"आवाज मागून आल्यासारखा वाटला," आतून भाऊसाहेब म्हणाले.

"पोटातून काढतो," केरोबा म्हणाला.

भाऊसाहेब बाहेर आले. त्यांनी केस तपासले, ओढून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. "चोख! अंगावर केस, आवाज जागेवर. इतका खरा मालक बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. दरवर्षी असेच येत जा."

केरोबाला थोडा धीर आला. त्याने विचारलं, "भाऊसाहेब, हे बीळ मी त्या केरोबा साळिंदराला परत देऊन टाकलं तर?"

भाऊसाहेब पुढे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चांगले गृहस्थ दिसता म्हणून सांगतो. त्या केरोबाच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. त्याच्या नावावर फसवणुकीची तक्रार आहे. मीच नोंदवून घेतली."

तेव्हापासून केरोबा आपल्या घरात सुखाने राहतो. काटे परत आले आहेत, आणि आता तो ते कुणाला देत नाही. पाणी प्यायला दूरच्या ओढ्यावर जातो, कारण तिथे अजून सुधारणा पोहोचलेली नाही. नारबा जाळीबाहेर उघड्यावर झोपतो आणि कुणी विचारलंच तर सांगतो की नावावर काही नसलं की कूस बदलता येते. रंगाभाऊचे मेळावे जोरात चालतात. यंदा त्याचा सत्कार आहे, भाऊसाहेबांच्या हस्ते.

आणि दरवर्षी दिवाळी झाली की सगुणा डिंक कढवते.

पिल्लं मोठी झाली आहेत. साळिंदराची पोरं या वयात खणायला शिकतात. पण पुढे हे बीळ त्यांनाच मिळायचं आहे आणि नारबाला आता खोकला झाला आहे. म्हणून संध्याकाळी केरोबा दोघांना दारात समोर बसवतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "हं, पोटातून काढा." आणि ती दोन लहानगी साळिंदरं डोळे मिटून, जीव तोडून गुरगुरायला लागतात.

तात्पर्य : काटा कुणाला देऊ नये, घर सोडताना गावभर सांगू नये, आणि अधूनमधून कचेरीत जाऊन आपण अजून आपणच आहोत ना, हे पाहून यावं. एवढं करूनही घर गेलंच, तर खरं सांगत दारोदार हिंडू नये. खरं शाबीत व्हायला वेळ लागतो, आणि तोवर पोरं उघड्यावर असतात.